खाण तशी माती?

(आपल्या १९९० च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात झालेलं हे भाषण. स्मरणिकेसाठी ते वक्त्या मैत्रिणीनेच लिहून दिलं आहे.)



पुरी-श्रीखंडाचं जेवण झाल्यावरची वेळ संयोजकांनी मला दिली आहे. आपल्या गणिताच्या सरांचा तासही मधल्या सुट्टीनंतरच असायचा. तेव्हा मागच्या बाकावरचे कितीजण जागे राहायचे ते सरांना माहीत आहे. सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत, म्हणून मला जरा धीर आहे. कुणी पेंगलंच तर खडू मारायला ते आहेत.

मी काय काम करते, हे सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. ‘डीएनए तपासते’ असं कुणीतरी सांगितलं, ते अर्धंच खरं आहे. मी नळी-परीक्षानळीला हात लावत नाही. गेली बावीस वर्षं अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मी आकडेमोड करते. आजार घराण्यातून किती येतो आणि परिस्थितीतून किती येतो, हे मोजण्याची आकडेमोड. त्यातही व्यसनाचा आजार. दारू, तंबाखू, अफूपासून बनणारी वेदनाशामकं.

मी आज गोड आठवणींवर बोलणार होते. पण महिन्यापूर्वी आपल्यातल्याच एका मित्राचा फोन आला. त्याचं नाव सांगणार नाही, तो इथे बसला आहे. त्याचे वडील दारूपायी गेले, एक काकाही गेला. त्याचा मुलगा यंदा इंजिनिअरिंगला लागला आणि होस्टेलवर निघाला आहे. मित्र म्हणाला, “तुमच्याकडे म्हणे टेस्ट निघाली आहे. थुंकी पाठवायची, ते सांगतात पोरगं व्यसनी होणार की नाही. किती का पैसे लागेनात, तेवढं करून दे.”

त्याला मी फोनवर नीट उत्तर दिलं नाही. ते आज देते, आणि सगळ्यांसमोर देते, कारण हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. २०१९ साली आपल्या देशात मोठं सर्वेक्षण झालं. दहा ते पंच्याहत्तर वयाचे सुमारे सोळा कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना तिच्यापायी मदतीची गरज आहे, असं त्यात दिसलं. आपल्या वर्गातले जे दोघं आज नाहीत, त्यांतल्या एकाच्या जाण्याचं कारण आपण सकाळपासून हळू आवाजातच बोलतो आहोत.

आधी माझ्या घरचं सांगते. माझे वडील प्यायचे. हे तुम्हाला सगळ्यांना तेव्हाही माहीत होतं आणि तुम्ही ते माझ्यासमोर कधी काढलं नाहीत, याबद्दल मी आजही तुमची ऋणी आहे. पगाराच्या दिवशी आई मला कारखान्याच्या गेटवर पाठवायची, हेही तुमच्यातल्या काहींनी पाहिलं आहे. मोठी माणसं मात्र बोलायची. मला नाही, माझ्या धाकट्या भावाला. काही फोडलं, कुणाशी भांडला, की एकच वाक्य यायचं : “खाण तशी माती.” तो तेव्हा नऊ वर्षांचा होता.

मी पुढे जे शिकले ते या म्हणीत खरं किती आणि खोटं किती, हे शोधायलाच शिकले असं म्हटलं तरी चालेल.

म्हण पूर्ण खोटी नाही, हे आधी कबूल करते. पण प्यायलेल्या बापाच्या घरात वाढलेला मुलगा पिऊ लागला, तर ते रक्तातून आलं की डोळ्यांनी पाहून आलं, हे ओळखायचं कसं? दोन्ही गोष्टी एकाच घरात मिळतात. यावर शास्त्रज्ञांनी दोन युक्त्या काढल्या.

पहिली युक्ती दत्तक मुलांची. डोनाल्ड गुडविन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९७३ साली डेन्मार्कमधला अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे दत्तकविधानाच्या आणि इस्पितळांच्या नोंदी नीट ठेवलेल्या असतात. जन्मानंतर सहा आठवड्यांच्या आत परक्या घरी दत्तक गेलेले पुरुष त्यांनी शोधले. ५५ जणांच्या जन्मदात्यांपैकी एकाला दारूचं व्यसन होतं, ७८ जणांच्या बाबतीत तसं नव्हतं. जन्मदात्याचा सहवास कुणालाच मिळालेला नव्हता. तरी पहिल्या गटात १८ टक्के व्यसनी निघाले आणि दुसऱ्या गटात ५ टक्के. म्हणजे साडेतीन पटींहून जास्त.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा ग्रंथालयात होते. पुस्तक मिटून बाहेर जाऊन बसले. भावाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पान उघडलं आणि तोच आकडा उलटा वाचला. व्यसनी जन्मदात्याच्या शंभर मुलांपैकी ब्याऐंशी व्यसनी नव्हते. त्यांचं सरासरी वय तेव्हा तिशीचं होतं, पुढचं आयुष्य बाकी होतं, हे खरं. तरीही ब्याऐंशी. म्हण सांगते शंभर.

दुसरी युक्ती जुळ्यांची. काही जुळी हुबेहूब असतात, एकाच अंड्यातून झालेली, दोघांची जनुकं जवळजवळ सगळी सारखी. काही साधी जुळी असतात, त्यांची जनुकं सख्ख्या भावंडांइतकीच जुळतात. घर एक, आईबाप एक, शाळा एक. मग एकाला व्यसन लागल्यावर दुसऱ्यालाही लागण्याचं प्रमाण हुबेहूब जुळ्यांमध्ये जास्त दिसलं, तर जनुकांचा हात आहे असं म्हणता येतं, आणि दोन प्रकारच्या जुळ्यांतल्या फरकावरून तो हात केवढा हे काढता येतं. सर, ही वजाबाकी आणि दुपटीचीच आकडेमोड आहे, तुमच्या वर्गात जमली असती. अशा बऱ्याच अभ्यासांची बेरीज करून २०१५ साली दारूसाठी उत्तर आलं सुमारे ४९ टक्के. कोकेनसारख्या काही पदार्थांसाठी ते याहून बरंच वर जातं.

आता इथे थांबा. याच जागी सगळे चुकतात, वर्तमानपत्रंसुद्धा. ४९ टक्के म्हणजे ‘तुझ्या व्यसनातलं निम्मं बापाचं’ असा अर्थ नाही. ‘तुला व्यसन लागण्याची शक्यता निम्मी’ असाही नाही.

आपण उसाच्या गावचे, तेव्हा उसावरूनच सांगते. एका शेतकऱ्याने एकाच रानात, सारखं पाणी, सारखं खत देऊन निम्म्यात ८६०३२ आणि निम्म्यात २६५ लावला. उतारा वेगळा आला, तर तो फरक सगळा बेण्याचा. दुसऱ्याने एकच बेणं दोन रानांत लावलं, एकाला पाटाचं पाणी आणि दुसरं कोरडं. आता फरक सगळा पाण्याचा. बेणं तेच, पण ‘बेण्याचा वाटा किती’ या प्रश्नाचं उत्तर रान बदललं की बदलतं. हा वाटा उसाच्या एका कांडीचा नसतो, त्या रानातल्या फरकांचा असतो. तसंच हे ४९ टक्के एका माणसाचे नाहीत. ज्या समाजात मोजले त्या समाजातल्या माणसामाणसांतल्या फरकाचे आहेत. ज्या गावात दारू मिळतच नाही तिथे कितीही वाईट बेणं असो, व्यसनी कुणी होणार नाही.

याचा सगळ्यात चांगला पुरावा जपानमधला आहे. तिकडच्या पुष्कळ लोकांच्या एका जनुकात असा बदल असतो की दारूपासून शरीरात तयार होणारं एक विषारी द्रव्य लवकर निचरत नाही. घोटभर प्यायली तरी चेहरा लाल होतो, मळमळतं, छाती धडधडते. साहजिकच ही माणसं दारूपासून लांब राहतात. व्यसनापासून वाचवणारं याच्याइतकं जोरदार जनुक क्वचितच सापडलं आहे. आता आकडे पाहा. जपानमधल्या व्यसनी रुग्णांमध्ये या बदलाची एक प्रत असलेले लोक १९७९ साली २.५ टक्के होते, १९८६ साली ८ टक्के आणि १९९२ साली १३ टक्के झाले. तेरा वर्षांत जनुकं बदलत नाहीत. बदललं ते भोवतालचं पिणं, ऑफिस सुटल्यावर साहेबाबरोबर बसावंच लागणं. निसर्गाने घातलेलं कुंपणसुद्धा माणसांनी मिळून तुडवलं.

आता मित्राच्या टेस्टकडे येते.

व्यसनाचं असं एकच जनुक नसतं. हजारो जागी बारीक बारीक फरक असतात आणि प्रत्येकाचं वजन काही पैशांचं. किराण्याच्या यादीसारखी सगळ्यांची बेरीज केली की एक आकडा मिळतो. २०२३ साली दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून असा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दारू, तंबाखू, गांजा आणि अफूवर्गीय पदार्थ या सगळ्यांच्या मागे काही समान दुवे आहेत, हे त्यात दिसलं. विज्ञान म्हणून ते फार मोलाचं आहे, औषधं शोधायला उपयोगी पडेल. पण त्या बेरजेवरून एका माणसाचं भविष्य वाचता येत नाही. माणसामाणसांतल्या फरकातला अगदी थोडा भाग तिच्याने कळतो. शिवाय त्या दहा लाखांत बहुतेक सगळे युरोपीय वंशाचे. आपल्यासारख्यांची वजनं त्या यादीत नाहीतच.

हे मी स्वतःवर करून पाहिलं. माझा आकडा काढला आणि युरोपीय लोकांच्या रांगेत उभी राहिले, तर माझा नंबर बराच वर आला. मग दक्षिण आशियाई लोकांच्या रांगेत उभी राहिले, तर मधोमध. मी तीच, जनुकं तीच, रांग बदलली. भावाच्या परवानगीने त्याचाही आकडा काढला. आम्हा दोघांत फरक जवळजवळ नव्हता. जो थोडा होता तो माझ्याकडे जास्त होता. आमच्या दोघांपैकी व्यसन कुणाला लागलं, ते पुढे सांगते.

मित्राने ऐकलेली ती टेस्ट खरोखर आहे. तिचं नाव ‘अव्हर्टडी’. अफूवर्गीय वेदनाशामक पहिल्यांदा घेण्याआधी प्रौढ माणसाने करायची, गालाच्या आतून नमुना घेतात आणि जनुकांतल्या १५ जागा पाहतात. अमेरिकन सरकारच्या औषध प्रशासनाने २०२२ साली तज्ज्ञांची समिती बसवली. समितीने ११ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की हिच्या फायद्यापेक्षा धोका जास्त. तरी डिसेंबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली. मग जानेवारी २०२५ मध्ये साडेचार लाख माजी सैनिकांच्या माहितीवर त्याच १५ जागा तपासल्या गेल्या. निदान बरोबर आलं शंभरात सुमारे त्रेपन्न वेळा. नाणं उडवलं तर पन्नास वेळा येतं. त्या १५ जागांपेक्षा नुसतं वय आणि स्त्री की पुरुष एवढं विचारलं तरी जास्त कळत होतं.

मित्रा, म्हणून मी तुला टेस्ट करून देणार नाही. समज, ती ‘धोका नाही’ म्हणाली, तर पोरगं निर्धास्त होऊन पिईल. ‘धोका आहे’ म्हणाली, तर तू त्याच्या कपाळावर तेच लिहिशील जे माझ्या भावाच्या कपाळावर नवव्या वर्षी लिहिलं गेलं. दोन्ही वेळा कागद नाण्याइतकाच खरा.

मग मोजायचंच नाही का? मोजायचं. आज आपल्या हातात असलेलं सगळ्यात चांगलं मोजमाप फुकट आहे. घराण्याची विचारपूस. आई, वडील, मामा, काका, आत्या, दोन्हीकडचे आजोबा, कुणाला काय होतं, कोणत्या वयात लागलं, कोण सुटलं. त्यात जनुकंही येतात आणि घरही येतं. डायबेटिसचं आपण असं विचारतो. “आमच्याकडे शुगर आहे” हे वाक्य लग्नाच्या पंगतीतसुद्धा सहज निघतं. “आमच्याकडे दारू आहे” हे वाक्य तुम्ही कधी कुणाच्या तोंडून ऐकलंत? माझ्या आजोबांचंही तेच होतं, हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं, तेही आत्या आजारी होती म्हणून.

आणखी एक खूण सांगते, कारण ती आपल्याकडे उलटी वाचली जाते. मार्क शुकिट नावाच्या डॉक्टरांनी कॅलिफोर्नियात तरुण मुलांना मोजून दारू दिली आणि त्यांना किती चढते ते पाहिलं. काहीजण व्यसनी बापांची मुलं होती, काही नव्हती. जवळजवळ दहा वर्षांनी ती मुलं पुन्हा शोधली. व्यसनी बापांच्या ज्या मुलांना तेव्हा फारशी चढली नव्हती, त्यांच्यातले ५६ टक्के व्यसनी झाले होते. ज्यांना पटकन चढली होती, त्यांच्यातले १४ टक्के. कारण सोपं आहे. ज्याला दोन पेगनंतर शरीर थांब म्हणत नाही, तो चौथ्यावर जातो.

“मला चढत नाही.” हे वाक्य आपल्याकडे मर्दुमकी म्हणून सांगतात. माझा भाऊ एकोणिसाव्या वर्षी हेच सांगायचा, आणि मित्र टाळ्या द्यायचे. चढत नाही ही ढाल नाही, ती धोक्याची घंटा आहे. तुमच्या मुलांना बाकी काही सांगितलं नाहीत तरी एवढं सांगा.

तिसरी गोष्ट वयाची. अमेरिकेतल्या, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं की पंधराव्या वर्षाच्या आत प्यायला सुरुवात केलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास पुढे कधीतरी व्यसनी झाले. विसाव्या वर्षी किंवा नंतर सुरुवात केलेल्यांपैकी दहा टक्के. सगळा फरक लवकर सुरुवात केल्यामुळेच पडला असं मी म्हणणार नाही. जी मुलं लवकर सुरू करतात त्यांच्यात आधीपासूनही काही वेगळं असतं. पण जनुकं आपल्या हातात नाहीत आणि उशीर करणं थोडंफार हातात आहे. होस्टेलला निघालेल्या मुलाकडे ‘कधीच नाही’ अशी शपथ मागू नका, ती तो पहिल्याच महिन्यात मोडेल आणि मग तुमच्यापासून लपवेल. ‘आपल्या घरात हे आहे, म्हणून तुला मित्रांपेक्षा उशिरा आणि कमी, आणि नाहीच तर फार बरं,’ असं सांगा. ऑपरेशन झालं, दुखण्याच्या जोरदार गोळ्या लिहून दिल्या, तर डॉक्टरांना घरचं सांगायला शिकवा.

आता माझ्या भावाचं राहिलं. त्याचा होकार घेऊनच सांगते आहे. त्याला पंचविसाव्या वर्षापर्यंत पूर्ण व्यसन लागलं होतं. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ साली सुरू झालं, तेव्हा आपण सातवीत होतो. असं काही असतं हे आमच्या घरी कळायला आणखी वीस वर्षं गेली, कारण आम्ही कुणाला विचारलंच नाही. वडील त्याआधीच गेले. भाऊ एका केंद्रात राहिला, घसरला, पुन्हा गेला. आज त्याला अकरा वर्षं झाली. तो म्हणतो, “मी रांगेत आहे, रांग संपलेली नाही.”

एक घर, एक बाप, जवळजवळ सारखा आकडा. मी सुटले आणि तो अडकला, हे का, असं मला खूप जण विचारतात. त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. थोडंसं आहे, ते आज इथे सांगायचं होतं म्हणून मी हा विषय घेतला.

आठवीपासून आपल्या मराठीच्या बाई ग्रंथालयाची किल्ली माझ्याकडे द्यायच्या. “संध्याकाळी पुस्तकं लावून ठेव, घाई नाही,” म्हणायच्या. पुस्तकं रोज लावण्याइतकी विस्कटत नव्हती, हे तेव्हाही मला कळत होतं. वडील घरी येऊन झोपी जाईपर्यंतचे ते दोन तास मी तिथे काढायचे. बाईंनी मला घरचं एका शब्दाने विचारलं नाही. माझा भाऊ ते दोन तास स्टँडच्या मागे काढायचा, कारण त्याच्याकडे किल्ली नव्हती. मुलगा म्हणजे उनाड, अशी सगळ्यांची समजूत. त्याच्यासाठी कुणी खोली उघडली नाही.

ही आकडेवारी नाही. एका घरातल्या दोन मुलांवरून काही सिद्ध होत नाही, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते. पण तुमच्यातले कितीतरी आज शिक्षक आहेत, दुकानदार आहेत, दोघं सरपंच झाले, एक फौजदार झाला. तुमच्या गल्लीत, तुमच्या वर्गात असं एखादं पोर आहेच. ‘खाण तशी माती’ हे त्याला कुणीतरी आधीच ऐकवलेलं आहे. ते तुम्ही पुन्हा ऐकवू नका, आणि कुणी ऐकवलं तर ब्याऐंशीचा आकडा सांगा. मोठं कुणी अडकलेलं असेल तर लाज धरून वीस वर्षं घालवू नका. सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १४४४६. तो नंबर फोनमध्ये घालून ठेवा.

आणि मित्रा, टेस्टचे पैसे वाचले. त्यात मुलाला घेऊन दोन दिवस कुठेतरी जा आणि त्याच्या आजोबांबद्दल सांग. दारूचंही सांग आणि ते पेटी किती छान वाजवायचे तेही सांग. दोन्ही त्याच्याच घराण्यातलं आहे.

बाई आज प्रकृतीमुळे येऊ शकल्या नाहीत. त्यांच्या सुनेने त्यांना फोनवर हे ऐकवायचं कबूल केलं आहे, म्हणून मोठ्याने सांगते. बाई, किल्ली परत द्यायची राहिली होती. दहावीच्या निरोप समारंभाच्या दिवशी ती माझ्या दप्तरातच राहिली. मी ती आज आणली आहे, मुख्याध्यापकांकडे देऊन जाते.